पृथ्वीचे रंगीत दफ्तर

प्रस्तावना

घरातील जुन्या पेटीत किंवा भिंतीवरील चौकटीत आजीआजोबांचे, पणजोबांचे एखादे छायाचित्र तुम्ही पाहिले असेल. ते बहुधा कृष्णधवल असते. चेहरा ओळखू येतो, दागिने मोजता येतात. परंतु पणजीच्या लुगड्याचा रंग कोणता होता, पणजोबांचा फेटा केशरी होता की तांबडा, हे ते चित्र सांगू शकत नाही. जुन्या काचांवरील रसायनांना तर तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा रंग फार तीव्रतेने दिसे. त्यामुळे कपाळावरचे लाल कुंकू काळे उमटे आणि निळेभोर आकाश पांढरे. कृष्णधवल चित्र रंग गाळत असे, तसेच त्याविषयी पाहणाऱ्याची फसगतही करीत असे.

ज्या समाजात वस्त्राच्या रंगावरून माणसाची ओळख पटते, त्या समाजाच्या नोंदीत ही उणीव लहान नाही. हिरवा चुडा, केशरी ध्वज, विधवेचे आलवण, भगवी कफनी यांचा अर्थ रंगातच आहे. प्रस्तुत पाठात अशा एका प्रयत्नाची माहिती दिली आहे, ज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी जगातील सुमारे पन्नास देशांतील सामान्य जीवन त्याच्या मूळ रंगांत नोंदवून ठेवण्यात आले. हा पाठ वाचताना छायाचित्राकडे इतिहासाचा पुरावा म्हणून कसे पाहावे आणि त्या पुराव्याच्या मर्यादा कोणत्या, याचाही विचार करावयाचा आहे.

मूळपाठ

बटाट्यातून निघालेले रंग

फ्रान्समधील ल्यों या शहरात ओग्युस्त आणि लुई ल्युमिएर या दोघा बंधूंचा छायाचित्रणाच्या काचा तयार करण्याचा कारखाना होता. याच ल्युमिएर बंधूंच्या चलत्चित्रांचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला आणि भारतात चित्रपट प्रथमच दाखवला गेला. चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक असते. पण खुद्द लुई ल्युमिएर यांनी अनेक वर्षे परिश्रम केले ते रंगीत छायाचित्रासाठी. १९०३ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले आणि १९०७ मध्ये तिच्या काचा बाजारात आणल्या. या पद्धतीला 'ऑटोक्रोम' असे नाव होते.

ऑटोक्रोमचा मुख्य घटक होता बटाटा. बटाट्यापासून काढलेल्या पिठूळ सत्त्वाचे, म्हणजे स्टार्चचे, अत्यंत बारीक कण निवडून घेतले जात. एका कणाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा किंवा त्याहून किंचित अधिक असे. या कणांचे तीन वाटे करून एक वाटा नारिंगी-तांबड्या, दुसरा हिरव्या आणि तिसरा निळसर जांभळ्या रंगात रंगवीत. मग तिन्ही वाटे एकत्र मिसळून चिकट लेप दिलेल्या काचेवर त्यांचा एकच पातळ थर पसरीत. कणांमधील फटी कोळशाच्या अतिसूक्ष्म पुडीने बुजवीत, काच मोठ्या दाबाखालून काढीत आणि वरून प्रकाशाला संवेदनशील असे रसायन चढवीत. एका चौरस इंचात असे सुमारे चाळीस लाख कण बसत.

छायाचित्र घेताना प्रकाश आधी या रंगीत कणांतून आणि नंतर रसायनावर जाई. तांबड्या फुलाकडून आलेला प्रकाश तांबड्या कणांतून पार होई, हिरव्या व जांभळ्या कणांपाशी अडे. त्यामुळे कोणत्या कणामागे किती प्रकाश पोहोचला याची नोंद रसायनात होई. काच धुऊन तयार झाल्यावर ती उजेडासमोर धरली की तेच कण आपापल्या रंगाचा प्रकाश डोळ्यांपर्यंत सोडीत. दाराशी घातलेली रांगोळी जवळून पाहिली तर निरनिराळे कण दिसतात. चार पावले मागे सरले की ते एकमेकांत मिसळून एकच छटा होते. ऑटोक्रोमचे रंग असेच डोळ्यांत मिसळत. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. रांगोळीत तांबडी व हिरवी पूड मिसळली तर मळकट रंग होतो, पण तांबडा व हिरवा प्रकाश मिसळला तर पिवळा दिसतो.

या पद्धतीत दोन मोठ्या अडचणी होत्या. पहिली अशी की प्रत्येक काच एकमेव असे. तिच्यापासून कागदावर सहज प्रती काढता येत नसत; काच फुटली की चित्र गेले. दुसरी अडचण वेळेची. एवढ्या कणांतून गाळून येणारा प्रकाश क्षीण असल्यामुळे लख्ख उन्हातही काच सेकंदभर किंवा त्याहून अधिक काळ उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात माणूस हलला तर चित्र पुसट होई. म्हणून ऑटोक्रोममधील माणसे बहुतेक वेळा भिंतीला टेकून, उंबऱ्यावर बसून, श्वास रोखल्यासारखी स्थिर दिसतात. वाहते पाणी धुक्यासारखे दिसते. गजबजलेल्या बाजारात चालती माणसे केवळ सावल्यांसारखी उरतात, आणि तो बाजार ओसाड होता असा पाहणाऱ्याचा समज होऊ शकतो.

रंगीत छायाचित्राची हीच एक वाट होती असे नाही. रशियातील सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की हे एकाच दृश्याची लागोपाठ तीन चित्रे तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून घेत आणि पडद्यावर ती एकावर एक टाकून मूळ रंग उभे करीत. सम्राट दुसरा निकोलस याने त्यांना अंधारखोलीची सोय असलेला रेल्वेचा डबा दिला होता. १९०९ ते १९१५ या काळात त्यांनी रशियन साम्राज्याचा मोठा भाग टिपला. बुखाऱ्याच्या अमिराचा निळा रेशमी झगा त्यांच्या चित्रात आजही कालच शिवल्यासारखा दिसतो. मात्र तो एका साम्राज्याचा चित्रसंग्रह होता. सगळ्या पृथ्वीचा विचार करणारा माणूस पॅरिसमध्ये होता.

पाठगत प्रश्न : ऑटोक्रोममधील माणसे स्थिर का दिसतात? काच एकमेव असण्याचा छायाचित्रकारावर कोणता परिणाम होत असेल?

एका सावकाराचे स्वप्न

आल्बेर काह्न यांचा जन्म १८६० मध्ये फ्रान्सच्या पूर्व सीमेवरील आल्सास प्रांतात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील गुरांचे व्यापारी होते. काह्न दहा-अकरा वर्षांचे असताना फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातील युद्धानंतर तो प्रांत जर्मनीकडे गेला. आपले गाव जागच्या जागी राहते आणि देश मात्र बदलतो, हा अनुभव त्यांनी कोवळ्या वयात घेतला. सोळाव्या वर्षी ते पॅरिसला आले आणि पुढे एका पेढीत कारकून झाले. दिवसा नोकरी आणि रात्री परीक्षांचा अभ्यास असा त्यांचा क्रम होता. शाळेत राहून गेलेले शिक्षण नोकरी सांभाळून पुरे करणाऱ्या या तरुणाला शिकवणी देणारे शिक्षकही असाधारण मिळाले. ते होते आंरी बर्गसाँ, जे पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगप्रसिद्ध झाले. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या आणि हिऱ्यांच्या खाणींच्या व्यवहारात काह्न यांनी अफाट संपत्ती मिळवली आणि १८९८ मध्ये स्वतःची बँक काढली. त्याच वर्षी त्यांनी तरुण शिक्षकांना जगप्रवासासाठी शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला. पुस्तकातून जग शिकवणाऱ्याने ते एकदा तरी पाहिलेले असावे, अशी त्यांची धारणा होती. १९०८ च्या अखेरीस ते स्वतः आपले मोटारचालक आल्फ्रेद द्युतेर्त्र यांच्यासह अमेरिका, जपान, चीन अशा प्रवासास निघाले. निघण्यापूर्वी या चालकाला छायाचित्रण शिकवण्यात आले होते. परतल्यावर काह्न यांनी ज्या कार्याचा आरंभ केला, त्याला त्यांनी 'पृथ्वीचे दफ्तर' असे नाव दिले.

'दफ्तर' हा शब्द येथे शाळेच्या पिशवीच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. पुण्यातील पेशवे दफ्तर जसे कागदपत्रांचा जतन केलेला संग्रह आहे, तसे हे चित्रांचे दफ्तर. कारखाने, आगगाड्या आणि साम्राज्ये यांच्या रेट्याखाली माणसांच्या राहण्याच्या, वस्त्रांच्या, श्रमांच्या अनेक रीती लवकरच नाहीशा होणार, हे काह्न यांनी ओळखले होते. त्या नाहीशा होण्यापूर्वी टिपून ठेवाव्यात हा त्यांचा एक हेतू. दुसरा हेतू अधिक मोठा होता. माणसे एकमेकांना ओळखू लागली तर युद्धे टळतील, असा त्यांचा विश्वास होता.

१९१२ मध्ये या कार्याची शास्त्रीय जबाबदारी भूगोलतज्ज्ञ झाँ ब्रून यांच्याकडे आली. ब्रून यांच्या मते माणसाचा पृथ्वीवरील वावर त्याच्या घरांत, रस्त्यांत, शेतांत, पाळीव जनावरांत आणि खाणींत वाचता येतो. छायाचित्रकारांना मार्गदर्शन लाभले ते याच दृष्टीचे. म्हणूनच या संग्रहात राजवाड्यांच्या बरोबरीने चुली, विहिरी, टोपल्या, हातगाड्या आणि दाराशी बसलेल्या बायकाही आहेत. १९०९ ते १९३१ या बावीस वर्षांत सुमारे ७२,००० रंगीत काचा जमल्या. जे काच टिपू शकत नव्हती ती हालचाल चलत्चित्रांच्या फितीवर कृष्णधवल रूपात घेतली गेली. अशी सुमारे शंभर तासांची फीत आहे.

लाल झगा आणि गवती छपरे

सर्वच छायाचित्रकार व्यवसायाने छायाचित्रकार नव्हते. मार्गरीत मेस्पुले आणि माद्लेन मिन्याँ या दोघी शिक्षित तरुणी १९१३ च्या मे-जून महिन्यांत आयर्लंडला गेल्या. जड कॅमेरा, तिपाई आणि काचांच्या पेट्या घेऊन त्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहरापर्यंत पोहोचल्या. त्या शहराला लागून क्लॅडा नावाची कोळ्यांची वस्ती होती. तेथे आयरिश भाषा बोलली जात असे. पांढऱ्या भिंतींची, गवताने शाकारलेली बुटकी घरे, त्यांच्यापुढची चिखलाची वाट आणि तांबड्या झग्यातील एक मुलगी त्यांनी टिपली. त्या झग्याचा तांबडा रंग इतका दाट आहे की पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम तेथेच जाते. कृष्णधवल चित्रात तो झगा काळपट दिसला असता आणि गरिबीचे आणखी एक उदास चित्र एवढाच त्याचा अर्थ झाला असता. रंगामुळे कळते की त्या दरिद्री वस्तीत वस्त्राची हौस होती, परंपरा होती.

पुढे १९३० च्या दशकात आरोग्याच्या कारणास्तव क्लॅडाची ती जुनी घरे पाडण्यात आली आणि त्या जागी नवी घरे बांधली गेली. रहिवाशांना कोरडी, हवेशीर घरे मिळाली हे चांगलेच झाले. पण जुनी वस्ती रंगांसह कशी दिसत होती, हे पाहण्यासाठी आज त्या दोघींच्या काचांकडेच जावे लागते.

भारतातील काचा

स्तेफान पासे हे या दफ्तराचे सर्वांत फिरस्ते छायाचित्रकार. चीन, मंगोलिया, तुर्कस्तान, मोरोक्को अशी भ्रमंती करून १९१३ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि पुढे दिल्ली, आग्रा, बनारस, अमृतसर, लाहोर अशा शहरांत त्यांनी काम केले. १९१३ हे वर्ष मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबईत दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला होता. फाळके यांच्या पडद्यावर रंग नव्हता. त्या काळच्या घरात रंगीत चित्र म्हणजे बहुधा राजा रविवर्मा यांच्या छापखान्यातून आलेली लक्ष्मी वा सरस्वती असे. देवतांची वस्त्रे रंगीत आणि माणसांची छायाचित्रे काळीपांढरी, अशी ती विभागणी होती. पासे यांच्या काचांवर भारतातील चालतीबोलती माणसे आपापल्या वस्त्रांच्या खऱ्या रंगांत उमटली. त्यांत रविवर्म्याच्या चित्रांतील झळाळी नाही. उन्हाने विटलेली पागोटी, धुऊन फिकट झालेली लुगडी, घाटाच्या दगडाचा मातकट रंग हेच तेथे अधिक आहे आणि तेच अधिक मोलाचे आहे.

१९२७ मध्ये रॉजर द्युमा हे दुसरे छायाचित्रकार कपूरथळा संस्थानात आले. महाराजा जगतजितसिंह यांच्या कारकिर्दीच्या पन्नासाव्या वर्षाचा उत्सव त्यांनी चित्रित केला. हिरेमाणके, जरीचे पोशाख, शृंगारलेले हत्ती यांची ती चित्रे डोळे दिपवतात. पण अशा उत्सवांची वर्णने अन्यत्रही सापडतात. घाटावरच्या अनाम माणसाचे वर्णन कोणी लिहून ठेवले?

काह्न यांच्या पॅरिसजवळच्या निवासस्थानी जगभरचे विद्वान येत. रवींद्रनाथ ठाकूर हेही काह्न यांचे पाहुणे होते आणि तेथील बागेत त्यांची रंगीत छायाचित्रे घेण्यात आली. त्या बागेचा एक भाग जपानी, एक फ्रेंच, एक इंग्रजी धर्तीचा होता. निरनिराळ्या देशांच्या बागा एका कुंपणात नांदू शकतात, तर देश का नांदू नयेत, हा काह्न यांचा प्रश्न त्या रचनेतच दिसतो.

चित्र काय सांगत नाही

प्रश्नाचे उत्तर १९१४ मध्ये तोफांनी दिले. पहिले महायुद्ध सुरू झाले आणि काह्न यांच्या छायाचित्रकारांपैकी काहींना परदेशांऐवजी फ्रान्सचीच उद्ध्वस्त शहरे टिपावी लागली. रँस या नगरातील ढासळलेल्या भिंती आणि त्यांच्यापुढे स्थिर उभे असलेले सैनिक, हेही आता पृथ्वीच्या दफ्तरात दाखल झाले. ओळख वाढली की वैर संपते, हा विश्वास खरा ठरला नाही. आल्सास आणि त्याच्या पलीकडचा जर्मनी यांची ओळख काही कमी नव्हती.

या संग्रहाचे मूल्यमापन करताना आणखी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. दफ्तर जगाचे असले तरी पाहणारी दृष्टी पॅरिसची होती. त्यांचे छायाचित्रकार जेथे गेले तेथील अनेक प्रदेशांवर युरोपीय सत्ता होती. व्हिएतनामच्या उत्तर भागातील शेते व बाजार टिपणारे लेआँ ब्यूझी हे फ्रेंच लष्करी सेवेत होते. पश्चिम आफ्रिकेतील दाहोमे, म्हणजे आजचा बेनिन, येथे १९३० मध्ये चित्रण झाले तेव्हा तो फ्रान्सचा अंकित प्रदेश होता. उभे राहा, हलू नका, असे कॅमेऱ्यामागून सांगणाऱ्या परक्याला तेथील माणूस कितपत नकार देऊ शकत होता? आणि ज्या संपत्तीवर हे सारे उभे राहिले, ती दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत आफ्रिकी मजुरांच्या श्रमांतूनही आली होती.

१९१३ मध्ये पासे यांनी मंगोलियात घेतलेले एक चित्र फार प्रसिद्ध आहे. मोकळ्या जागी एक लाकडी पेटी ठेवलेली आहे आणि तिच्या वाटोळ्या भोकातून कैद केलेल्या एका स्त्रीचे डोके व हात बाहेर आले आहेत. चित्र पाहून मन हादरते. परंतु तिचे नाव काय, तिचा अपराध कोणता, तिचे पुढे काय झाले, यांपैकी काहीही ते चित्र सांगत नाही. छायाचित्र एवढेच ठामपणे सांगते की त्या दिवशी, त्या ठिकाणी, कॅमेऱ्यापुढे असे दृश्य होते. त्यापुढचे सारे दुसऱ्या पुराव्यांतून शोधावे लागते. संग्रहातील बहुतेक काचांसोबत स्थळ, दिनांक आणि छायाचित्रकाराचे नाव आहे. चित्रातील सामान्य माणसाचे नाव क्वचितच आहे.

शिवाय या काचा त्या काळी पाहिल्या कोणी? निमंत्रित विद्वान, मुत्सद्दी, लेखक आणि ब्रून यांचे विद्यार्थी. पडद्यावर चित्र उमटे तेव्हा खोलीत प्रतिष्ठितांची बैठक असे. थोरामोठ्यांना जग दाखवले की ते जग सुधारतील, हा काह्न यांचा हिशेब होता. ज्या कोळणीचे, ज्या नावाड्याचे चित्र घेतले, त्यांच्यापर्यंत ती काच पोहोचण्याची सोय त्यात नव्हती. या थोर योजनेतील सर्वांत मोठी उणीव हीच म्हणावी लागेल.

१९२९ मध्ये अमेरिकेतील शेअर बाजार कोसळला आणि काही काळातच काह्न यांची बँक बुडाली. १९३१ मध्ये चित्रणाचे काम थांबले. बागा आणि काचांचा संग्रह पुढे पॅरिसच्या तत्कालीन जिल्हा प्रशासनाने विकत घेतला. काह्न यांना त्यांच्या घरात राहू देण्यात आले. नोव्हेंबर १९४० मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. तेव्हा पॅरिस जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. हजारो चित्रांच्या या धन्याला स्वतःचे छायाचित्र काढू देणे मात्र आवडत नसे. त्यांची मोजकीच चित्रे उपलब्ध आहेत.

काचा कित्येक वर्षे पेट्यांत पडून होत्या. अंधारात राहिल्यामुळे त्यांचे रंग टिकले, कारण ऑटोक्रोमला फार उजेड सोसत नाही. पॅरिसजवळील बुलोन येथे काह्न यांच्या नावाचे संग्रहालय आहे. त्याची नवी इमारत जपानी वास्तुकार केंगो कुमा यांच्या आराखड्यानुसार बांधली गेली आणि २०२२ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. मूळ काचा जपून ठेवून त्यांच्या संगणकीय प्रती आता लोकांना पाहता येतात. गॉलवेच्या किंवा बनारसच्या रहिवाशालाही आपल्या शहराचे शंभर वर्षांपूर्वीचे रंग घरबसल्या पाहता येतात.

स्वाध्याय

१. 'कृष्णधवल चित्र रंगाविषयी पाहणाऱ्याची फसगतही करीत असे' या विधानाचा अर्थ पाठातील उदाहरण देऊन स्पष्ट करा.

२. आल्बेर काह्न यांचे कोणते दोन हेतू होते? त्यांपैकी कोणता साध्य झाला असे तुम्हांला वाटते? कारणे द्या.

३. क्लॅडा वस्तीच्या चित्रातील तांबड्या रंगामुळे कोणती माहिती मिळते?

४. मंगोलियातील चित्राच्या आधारे छायाचित्र या पुराव्याची मर्यादा सांगा.

५. तुमच्या घरातील किंवा परिचयाच्या कुटुंबातील एक जुने छायाचित्र घ्या. त्यातील वस्त्रांचे व वस्तूंचे रंग कोणते होते, हे घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. चित्रातील प्रत्येकाचे नाव, स्थळ व वर्ष यांसह ती माहिती दहा ते बारा ओळींत लिहून छायाचित्राच्या सोबत ठेवा.